बाहेरून बांधलेलं दार

दार मी बांधलं होतं. ताडपत्रीचं दार, बाहेरून, सुतळीच्या तीन गाठी मारून. आमच्या घरात आणि ताईच्या सासरी आजवर सगळे समजत आले की ते माझ्या मायनं बांधलं. मायनं स्वतःच तसं सांगितलं होतं, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून ते ऐकलं होतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, म्हणजे लहान नव्हतो. घाबरलो होतो असं सांगून स्वतःची समजूत घालायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण माणूस एक दिवस घाबरतो, दोन दिवस घाबरतो. सव्वीस-सत्तावीस वर्षं जो गप्प बसतो त्याला घाबरट म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, फक्त इथं लिहिता येत नाही.

हे सगळं उकरून निघालं ते या उन्हाळ्यात. वाशीमला माझं एसी-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. एका सकाळी दुकानासमोर एक गाडी उभी राहिली. तिच्या मागे दोन चाकांची चपटी पेटी जोडलेली. तीस-बत्तीस वर्षांचा मुलगा उतरला, त्यानं चार खटके काढले, आणि त्या पेटीचं छप्पर वर उचललं गेलं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर आले, मध्ये कापडाच्या भिंती ताणल्या गेल्या. घडीचं घर. मुलगा कौतुकानं म्हणाला, "काका, बायको-लेकरांना घेऊन फिरायला बनवून घेतलं. यात एसी बसवून द्याल? उपयोग होईल ना?" मी त्या कापडाच्या भिंतीकडे पाहिलं, तिच्या चेनच्या दाराकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी त्याच्यावर ओरडलो. लेकरं कोंडून मारायची आहेत का, असं विचारलं. तो बिचारा मागे सरकला. "काका, मी नुसतं विचारलं," म्हणाला, आणि छप्पर खाली घेऊन निघून गेला. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. पण तसलं घर मी आधी पाहिलं होतं. त्यात वाढलो होतो.

आमच्याकडे मळणीचं यंत्र होतं. होळी झाली की हरभरा आणि गहू काढणीला यायचा, आणि बाबा ट्रॅक्टरमागे यंत्र जोडून आसेगावपासून मंगरूळपीरपर्यंत शेतोशेत फिरायचे. घराला कुलूप लागायचं, कारण मळणीवरच्या चार गड्यांना दोन वेळ भाकर घालणारं कोणी तरी सोबत लागायचं, आणि ती माय होती. बाबांनी एक जुनी ट्रॉली घेऊन आमच्या वाशीमजवळच्या मालेगावच्या वेल्डरकडून तिचं घर करवून घेतलं होतं. दोन्ही बाजूंचे पत्रे बिजागरीवर खाली पाडले की झोपायचे फळे व्हायचे. चार कोपऱ्यांत चार नळ्या, त्या वर ओढून खीळ घातली की ताडपत्रीचं छप्पर उभं राहायचं. भावकीत आम्हाला हसायचे, पालं टाकून राहतात म्हणायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. मायला येत नसे, कारण ते घर तिनं शिवलं होतं.

एक अख्खा हिवाळा ती दाभण घेऊन ओसरीत बसलेली मला आठवते. तिनं चारही बाजूंना खिडक्या ठेवल्या होत्या, वर गुंडाळून नाडीनं बांधायच्या. छपराच्या खाली चारी बाजूंनी वीतभर फट ठेवली होती. बाबा म्हणाले, पाऊस येईल की आत. माय म्हणाली, "चैतात पाऊस येते का तापते? गरम हवा डोक्यावर बसते, तिले जायाले रस्ता नको?" आणि गाडी कुठं लावायची हेही मायच ठरवायची. नव्या शेतावर गेलो की ट्रॅक्टर बांधावर थांबायचा. माय उतरायची, चपला काढायची आणि उन्हातून अनवाणी फिरायची. जिथं तळव्याला कमी भाजतं तिथं उभी राहायची, पदराचं टोक हातात धरून वारा पाहायची, झाडाची सावली दुपारी कुठं सरकेल ते बोटानं दाखवायची. मग म्हणायची, "इथं. तोंड खाली ओढ्याकडं करा." ती सांगेपर्यंत बाबा ट्रॅक्टरवरून उतरत नसत. बाकी साऱ्या गोष्टींत तिच्यावर आवाज चढवणारे बाबा, पण या एका गोष्टीत नाही.

त्या घरात दुपार कशी होती ते सांगतो. यंत्राची घरघर दिवसभर चालू, इतकी की ती थांबली तरच लक्षात यायची. हवेत हरभऱ्याच्या कुटाराची बारीक धूळ, अंगाला खाजणारी. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीत माय पोतं टांगायची आणि दर थोड्या वेळानं त्यावर तांब्यानं पाणी मारायची. ओल्या तागाचा तो वास मला अजून कुठल्याही थंडाव्याचा वास वाटतो. ज्वारीच्या आंबिलाचं गाडगं ओल्या फडक्यात गुंडाळून चाकाच्या सावलीत. त्याच्यासोबत फोडलेला कांदा आणि लाल मिरचीचा ठेचा. कधी गड्यांनी हट्ट धरला तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे. आज मी लोकांच्या बंगल्यांत बसून सांगतो की खोली अमुक इतकी, तर मशीन तमुक इतकं लागेल. पण एप्रिलच्या दुपारी त्या ट्रॉलीत मी घोंगडी पांघरावी असं वाटण्याइतक्या गारव्यात गाढ झोपलेलो आहे, आणि ते कुठल्या गणितानं हे मला अलीकडे कळलं. तेव्हा मी आयटीआयला एसी-फ्रिजचं शिकत होतो आणि मायला अडाणी समजत होतो.

त्या वर्षी शोभाताई सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मालेगावला दिलेली, पहिलंच पोर. हंगाम संपायला महिना बाकी होता. माय म्हणाली, तेवढा महिना माझ्याजवळ ट्रॉलीत राहू दे, नववा लागायच्या आत घरी जाऊ. ताईला तर तेच हवं होतं. लहानपणीचे तिचे सगळे उन्हाळे त्याच फळ्यावर गेले होते. दिवसभर ती मायजवळ बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची, दोघी काय काय बोलायच्या आणि हसायच्या.

आठ दिवसांनी भाऊजी तिला पाहायला आले. त्यांचं मालेगावला बी-बियाण्यांचं दुकान होतं, पांढरा सदरा घालायचे. ट्रॉलीच्या पायरीवर रुमाल टाकून बसले आणि चहाची बशी हातात घेऊन बाबांना म्हणाले, "मामाजी, आमच्या दुकानात पोत्यांलेही कूलर हाये. अन् आमची बायको पालात." माय म्हणाली, "जवाईबुवा, घटकाभर आत तर बसून पाहा." ते म्हणाले, "मी काय पाहू? लोकं पाहून राह्यले ना. पुढच्या इतवारी येतो. असंच असलं तर घेऊन जाईन. बाळंतपण आमच्याकडं होईन." ताईनं मान खाली घातली. बशीतला चहा त्यांनी तसाच ठेवला. त्या अर्ध्या बशीनं माझं डोकं फिरलं.

मला इथं भाऊजींवर राग काढणं सोपं आहे, आणि मी तो पुष्कळ वर्षं काढला. पण ताईची तब्येत उत्तम होती. तिला तिथं गरम होत नव्हतं. मी जे केलं ते तिच्यासाठी केलं नाही, त्या बशीसाठी केलं.

वाशीमच्या एका भंगारवाल्याकडे खिडकीत बसवायचा जुना एसी पडून होता. माझ्या हातानं दुरुस्त झालेलं ते पहिलं मशीन. ते टेम्पोत घालून मी आसेगावजवळच्या शेतावर आणलं. तिथं मायनं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुलिंबाखाली गाडी लावलेली. पण लाइन होती विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत, आणि माझी वायर लिंबापर्यंत पुरत नव्हती. मी म्हणालो, गाडी विहिरीजवळ न्या. माय म्हणाली, "तिथं सावली कुठी हाये? उघड्यावर लावतं का तिले?" मी म्हणालो, "सावली लागतच नाही माय. एसी हाये." तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनाही त्या पांढऱ्या सदऱ्याचं बोलणं लागलं होतं. "या खेपी पोरगं म्हणते तिथं लावू," ते म्हणाले. माय चपला घालून चुलीकडे निघून गेली. गाडी कुठं लावायची हे तिला न विचारता ठरलं, असं पहिल्यांदाच झालं.

मग मी ब्लेड घेतलं आणि मायच्या शिवणीच्या बाजूनं ताडपत्रीत चौकोन कापला. मशीन लाकडी खोक्यावर बसवलं. गार हवा जाऊ नये म्हणून चारही खिडक्या खाली सोडून काठ चिकटपट्टीनं बंद केले. छपराखालच्या त्या वीतभर फटीत थर्माकोल कोंबला. दीड दिवस मी ते काम केलं, आणि इतकं मन लावून केलं की आजही त्यातली एकेक पट्टी मला दिसते. मशीन सुरू झालं तेव्हा गडी काम सोडून बघायला आले. ताई आत गेली, हवेच्या तोंडापाशी हात धरून हसली. "माय, ये ना व. हिवाळा आला."

माय दारातूनच म्हणाली, "मढं ठेवाले बरं हाये. मी नाई येत." मग मला म्हणाली, "लाइन कवा जाते इथली, विचारलं का?"

"इथली जात नाही," मी म्हणालो. मी कुणालाही विचारलं नव्हतं.

दोन दिवस बरं चाललं. बरं म्हणजे काय, तर तोंडापाशी गार आणि दोन हातांवर कोमट. कापड वरून तापत होतं, मशीन आतून गार करत होतं, दोघांची दिवसभर मारामारी. दाराची कनात वाऱ्यानं उघडायची आणि उरलीसुरली गार हवा जायची, त्याची मला चीड यायची. रविवारी भाऊजी दोनच्या एसटीनं फाट्यावर येणार होते. मी सकाळपासून मशीन चालू ठेवलं. जेवण करून ताई फळ्यावर आडवी झाली, डोळा लागला. कनात पुन्हा उडाली. आतून बांधायला नाडी पुरत नव्हती. मी बाहेर आलो, सुतळी घेतली आणि कनात खालपासून वरपर्यंत ओढून तीन गाठी मारल्या. भाऊजी येतील तेव्हा खोली बर्फासारखी हवी होती. माय शंभर पावलांवर खळ्यावर गड्यांना वाढत होती. तिला मी सांगितलं नाही. मोटरसायकल काढली आणि फाट्यावर गेलो.

एसटी उशिरा होती. फाट्यावर रसवंती होती, तिथं बर्फ घातलेला उसाचा रस घेऊन मी बाकावर बसलो. पुढचं वाक्य मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. मी पहिला पेला पीत असताना रसवंतीची मोटर बंद पडली. रसवाला म्हणाला, "गेली लाइन. आता चारशिवाय येत नाही." आणि तो हातानं चाक फिरवू लागला. मी ते ऐकलं. मला समजलं. माझ्या मनात जे आलं ते असं, की भाऊजींना आत्ता नेलं तर एसी बंद दिसेल. मी दुसरा पेला मागवला. एसटी आली, भाऊजी उतरले, तर मीच त्यांना म्हणालो, बसा ना, काय घाई आहे, रस घ्या. त्यांना मी तिथं गप्पांत गुंतवून ठेवलं. लाइन यायची वाट पाहत, गार रस पीत मी बसलो होतो, आणि माझी बहीण भर उन्हात, चारी बाजूंनी चिकटवलेल्या, तीन गाठी मारलेल्या त्या पेटीत होती.

पुढचं मला गड्यांनी सांगितलं. यंत्राचा पट्टा निसटला म्हणून बाबांनी ते बंद केलं. शेतात एकदम शांत झालं. आणि मायला ऐकू आलं की एसीचा आवाज नाही. ताईचा आवाज आला असता तर कोणीही धावलं असतं. माय आवाज नाही म्हणून धावली. गाठी उन्हानं आणि माझ्या ताकदीनं घट्ट बसलेल्या. तिनं खळ्यावरून धावताना उचललेला विळा वर टेकवला आणि आपणच शिवलेली ताडपत्री छपरापासून खालपर्यंत फाडली.

आम्ही पोचलो तेव्हा ताई लिंबाखाली बाजेवर होती. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे, नखांना चिकटपट्टीचे तुकडे लागलेले. माय तिच्यावर ओल्या लुगड्यानं वारा घालत होती. माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही जीव वाचले, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी लय आवाज देल्ला. दार बाहेरून बांधलं होतं." भाऊजींचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. "कोनं बांधलं दार?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. माय माझ्या पुढे आली आणि म्हणाली, "म्या बांधलं. गार हवा जाते म्हणून."

भाऊजी तिला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. बाबाही तिला बोलले, सगळ्यांसमोर. ती हात जोडून उभी होती. ताईनं शेवटपर्यंत तोंड इकडे केलं नाही. दोन दिवसांनी ते तिला मालेगावला घेऊन गेले. बाळंतपण तिकडे झालं, मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं आलं, मायला नाही. तिनं डिंकाचे लाडू करून डबा माझ्याजवळ दिला. ताईनं तो तसाच परत दिला.

परत आलो त्या दिवशी मी मायला विचारलं, काहून केलं तुनं असं? ती फाटलेली ताडपत्री मांडीवर घेऊन दाभण ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आज हाओ, उद्या नाही. तिले भाऊ लागते. भावाचं येणं-जाणं बंद झालं तर पोरगी कोनाच्या तोंडाकडं पाहीन?" मग म्हणाली, "आता बोलू नको. बोलशीन तर माह्यं बोलनं वाया जाईन."

आणि मला ते फार सोयीचं झालं. माझा खरा राग आहे तो यावर. आईनं गप्प राहायला सांगितलं, हे किती छान कारण मला मिळालं. दर भाऊबीजेला मी मालेगावला जात राहिलो. ताई ओवाळायची, पुरण वाढायची, आणि वाढता वाढता म्हणायची, "तू होतास म्हणून माहेर हाये मले. तिनं तर मले जित्तं कोंडलं होतं." मी खाली मान घालून पुरण खात राहिलो. बाबा गेले तेव्हा ताई आली, मायच्या गळ्यात पडली नाही. आताही येते ती तासभर, दाराजवळच्या खुर्चीवर बसते, मायला "तब्येत बरी ना" विचारते, पाणी पिते आणि उठते. सत्तावीस वर्षं मायच्या वाट्याला तेवढी लेक आली. बाकीची मी खाल्ली.

त्या गाडीवाल्या मुलाचा नंबर मी दोन दिवसांनी शोधून काढला. त्याची माफी मागितली आणि त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणालो, कापडाच्या घरात एसीचा फार उपयोग नाही. कापड गार धरत नाही, तू पैसा घालून नुसतं वजन ओढत फिरशील. आधी सावली पाहा, मग वाऱ्याकडं तोंड करून गाडी लाव, वरून गरम हवा जायला फट ठेव. तरी बसवलाच तर खिडक्या कधी चिकटवू नको, आणि माणूस आत असताना दार बाहेरून लावू नको. तो म्हणाला, "काका, तुम्हाला हे कंपनीनं शिकवलं?" मी म्हणालो, मायनं. फोन ठेवला आणि मला दुकानात बसवेना.

दुसऱ्या दिवशी मायला गाडीत घातलं. मालेगावच्या रस्त्याला लागलो तसं तिनं ओळखलं. "काहून नेतं मले तिकडं?" मी सांगितलं. ती चिडली. ऐंशीला टेकलेली बाई, पण आवाज खळ्यावरचा. "थांबव गाडी. उगा उकरू नको, गजा. एवढी वर्सं गेली, आता माह्यं काय राह्यलं? तुह्यं तिथचं पाणी बंद होईन." मी म्हणालो, होऊ दे.

ताईनं दार उघडलं. मागे भाऊजी खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, आता म्हातारे. मायला माझ्यासोबत पाहून ताईच्या कपाळाला आठी पडली, तरी तिनं पाणी आणलं. माय सवयीनं दाराजवळच बसायला गेली. मी तिचा हात धरून तिला आतल्या दिवाणावर बसवलं. ताई म्हणाली, "काय झालं रे?" मला बसवत नव्हतं. उभ्यानंच बोललो, सांगायचं म्हणून वर्षानुवर्षं मनात घोकलेलं सगळं विसरून, जसं आलं तसं.

"ताई, ते दार मायनं नाही बांधलं. म्या बांधलं. तीन गाठी म्या मारल्या, अन् फाट्यावर लाइन गेली ते मले समजलं होतं. तरी म्या भाऊजीले बसवून ठेवलं, एसी बंद दिसन म्हणून. मायनं ताडपत्री फाडून तुले काढलं, अन् माह्यं नाव झाकलं, तुले भाऊ राहावा म्हणून. तू सत्तावीस वर्सं मले ओवाळलं, ते तिचं होतं. माह्यी चूक झाली, ताई. मले माफ नको करू, पाहिजे तर पुन्हा ये म्हणू नको. पण तिच्याजवळ बस."

मग मायकडे वळलो. ती पदराचं टोक दोन बोटांत धरून बसली होती, वारा पाहायची तसं. "अन् माय, तुह्यं बोलनं म्या वाया घालवलं. मले माफ कर."